जुने घर दुरुस्त करण्याआधी सेथ पीटरसन कॉटेजमध्ये राहून यावे

मॅडिसनजवळ ओक आणि पाइनच्या झाडीत १९५६ साली बांधलेले एक बैठे घर आम्ही तीन वर्षांपूर्वी विकत घेतले. साडेअकराशे चौरस फुटांचे हे घर, उतरते बसके छप्पर, झाडीकडे उघडणाऱ्या मोठ्या काचा आणि मधोमध विटांची शेकोटी, अशी त्याची ठेवण. घर पाहताक्षणी आवडले होते, पण त्याची दुरुस्ती कुठून सुरू करावी आणि कुठे थांबावी हे काही केल्या ठरत नव्हते. त्या गोंधळात असताना गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधल्याच मिरर लेक स्टेट पार्कमध्ये सेथ पीटरसन कॉटेज या छोट्या घरात दोन रात्री राहण्याचा योग आला. हे परीक्षण त्या मुक्कामाचे आहे. परंतु ज्यांच्याकडे त्याच काळातले, तशाच झाडीतले एखादे लहान घर आहे आणि ज्यांच्या हातात कंत्राटदाराचे अंदाजपत्रक नुकतेच पडले आहे, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मी ते लिहीत आहे, कारण या मुक्कामाने आमचे पुढचे सगळे बेत बदलले.

शिकागोहून मॅडिसनमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या ९०/९४ क्रमांकाच्या महामार्गाने गेले की मॅडिसनपासून तासाभरात लेक डेल्टन गाव येते. विस्कॉन्सिन डेल्सची जलक्रीडेची प्रचंड हॉटेले इथून जवळच आहेत आणि आपल्याकडची बहुतेक कुटुंबे मुलांना घेऊन तिकडेच वळतात. त्या गजबजाटापासून थोड्याच अंतरावर, झाडीत शिरलेल्या एका वाटेच्या टोकाला, तळ्याच्या वरच्या कड्यावर हे घर उभे आहे. डेल क्रीक या ओढ्याला एकोणिसाव्या शतकात बांध घातल्यामुळे हे तळे तयार झाले. भोवतीच्या वालुकाश्माच्या कड्यांमुळे वारा अडतो, पाणी फारसे हलत नाही आणि तळ्याचे मिरर लेक, म्हणजे आरशाचे तळे, हे नाव सार्थ ठरते.

घर फ्रँक लॉइड राइट या विख्यात अमेरिकन वास्तुविशारदाचे आहे आणि क्षेत्रफळ अवघे ८८० चौरस फूट. आराखडा १९५८ सालचा, म्हणजे राइट यांच्या अखेरच्या कामांपैकी. ९ एप्रिल १९५९ रोजी ते गेले. हे घर ज्याने मागितले तो सेथ पीटरसन हा विशीतला तरुण होता आणि राइट यांच्या कामाने झपाटलेला होता. तालिएसिन या राइट यांच्या घरी आणि कार्यशाळेत त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावे ही त्याची इच्छा पूर्ण झाली नाही, तेव्हा निदान त्यांच्या हातचे घर तरी आपले असावे असे त्याने मनावर घेतले. राइट यांनी आधी नकार दिला, मग पीटरसनने एक हजार डॉलर आगाऊ पाठवून दिले, ते राइट यांनी खर्च करून टाकले आणि मग घर काढून देणे त्यांना भागच पडले, अशी हकीकत इथे सांगितली जाते. घर पूर्ण होण्यापूर्वीच, १९६० मध्ये, पंचविशीही न गाठलेला पीटरसन हे जग सोडून गेला. दिवाणखान्यात बसून तळ्याकडे पाहताना ही गोष्ट मनातून जात नाही. ज्याने एवढ्या हट्टाने हे घर मागितले, त्याला त्यात एकही पावसाळा, एकही हिवाळा काढता आला नाही.

दुसऱ्या मालकाने ते पूर्ण करून घेतले आणि १९६६ मध्ये उद्यानासाठी विस्कॉन्सिन राज्याने ते विकत घेतले. राज्याला हवी होती ती जमीन. घराचे काय करायचे हे ठरले नव्हते. खिडक्यांवर फळ्या ठोकून ते बंद करण्यात आले आणि वीस वर्षांहून अधिक काळ तसेच पडून राहिले. १९८१ मध्ये त्याची ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली खरी, पण नोंद झाल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. झाडीतल्या बंद घराचे काय होते हे ज्यांनी कोकणात पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको: पाने पन्हळीत साचतात, पाणी तुंबते, ओल आधी लाकडात आणि मग भिंतीत उतरते, जनावरे आत घर करतात. ऑड्री लाट्श या स्थानिक बाईंनी हे घर वाचवायचे मनावर घेतले, १९८९ मध्ये त्यासाठी एक संस्था उभी राहिली, शिकागोचे वास्तुविशारद जॉन आयफ्लर यांच्याकडे काम सोपवले गेले आणि सुमारे तीन लाख डॉलर खर्चून १९९२ मध्ये घर लोकांना राहण्यासाठी भाड्याने खुले झाले. राइट यांचे घर पाहुण्यांना मुक्कामासाठी मिळू लागले ते पहिल्यांदा इथेच. मालकी आजही राज्याची आहे, देखभाल ती संस्था पाहते आणि भाड्याच्या उत्पन्नातून ती चालते.

तीन लाख डॉलरमध्ये काय केले हे समजून घेण्यासाठी एक रात्र काढावी लागते, कारण केलेले बरेचसे काम नजरेला पडत नाही. सडलेले छप्पर नव्याने करावे लागले. एकेरी काचांच्या जागी दुहेरी काचा आल्या. दगडी फरशीच्या खाली ऊब देणारी यंत्रणा बसवली गेली. दगडाच्या भिंती आणि मधला दगडी गाभा, ज्यात शेकोटी आहे, ते मात्र जसेच्या तसे राहिले आणि फर्निचर राइट यांच्या पद्धतीने या घरासाठी म्हणून घडवून घेतले गेले. नवे ते सगळे वर, खाली किंवा काचेच्या जाडीत गेले. आयफ्लर यांनी त्याआधी मॅडिसनमधल्या राइट यांच्याच १९३७ सालच्या जेकब्ज हाउसचेही पुनरुज्जीवन केले होते, जे आता जागतिक वारसा यादीत आहे. अशी लहान घरे कशी बांधलेली असतात हे त्यांना माहीत होते, आणि तो हात या घरात पावलोपावली जाणवतो.

आता फरशीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आमच्यासाठी घराचा मर्म तिथेच उलगडला. ती ओबडधोबड आकाराच्या दगडी लाद्यांची आहे. कुठल्याही दोन लाद्या सारख्या नाहीत, सांधे रुंद आहेत आणि हाताने चाचपले तर प्रत्येक लादीची पातळी किंचित वेगळी लागते. दिवाणखान्यातल्या या लाद्या काचेच्या खालून तशाच बाहेरच्या अंगणात जातात. मी काचेला नाक लावून एका लांबट, तांबूस लादीचा सांधा आतून बाहेर जाताना पाहिला. आतल्या भागावर माझ्या सासूबाईंची पावले होती आणि बाहेरच्या त्याच रांगेतल्या दगडावर ओकची तीन ओली पाने चिकटलेली होती. घर कुठे संपते आणि झाडी कुठे सुरू होते हे सांगणारी एकच गोष्ट तिथे होती, ती म्हणजे काच. जर फरशीखाली यंत्रणा बसवताना कोणी वर सोयीची, गुळगुळीत, नवी लादी घालून मोकळे झाले असते, तर घर गरम झाले असते, पण ही रेघ कायमची तुटली असती.

सासूबाई राजापूर तालुक्यातल्या. त्यांच्या माहेरच्या घराला जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेली जमीन होती. पंधरा वर्षांपूर्वी भावांनी दुरुस्ती काढली तेव्हा चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा आला, जमिनीवर चकचकीत टाइल्स आल्या, आणि त्या टाइल्सवरून पावसाळ्यात घसरून त्यांच्या वहिनींचा खुबा मोडला. ती हकीकत त्या फार क्वचित काढतात. इथे पहिल्या दिवशी पहाटे त्या सवयीने लवकर उठल्या, मोजे काढून ठेवले आणि अनवाणी या फरशीवर फिरू लागल्या. बाहेर गवतावर दव गोठलेले होते. मी उठून आले तेव्हा त्या शेकोटीजवळच्या दगडावर हात टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, दगड तोच ठेवलाय यांनी, आणि पायाला गारवा नाही. आमच्याकडे असं कुणी का नाही सुचवलं?" मला उत्तर देता आले नाही. एवढे मात्र खरे, की दुरुस्ती म्हणजे जुने झाकणे, असे आपल्याकडेही आणि इथेही सर्रास धरले जाते.

आमच्या घरासाठी आलेल्या एका कंत्राटदाराने नेमके हेच सुचवले होते. त्याचे नाव मी इथे देत नाही, कारण तसे सुचवणारा तो एकटा नाही. आमच्या घराला वर पोटमाळा नाही. तुळयांवर देवदाराच्या फळ्या एकमेकींत अडकवून बसवलेल्या आहेत आणि त्या फळ्यांच्या पाठीवरच छप्पर आहे, म्हणजे खालून जे लाकूड दिसते तेच छपराचा आधार आणि तेच सीलिंग. हिवाळ्यात उष्णता तिथून निघून जाते ही तक्रार खरीच आहे. त्यावर उपाय म्हणून त्याने आतून उष्णता अडवणारे फायबरग्लास भरून वर पांढरे ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, ठोकायचे, जुन्या लाकडी चौकटी काढून पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवायच्या, आणि विटांची शेकोटी पाडून खोली मोठी करायची असे अंदाजपत्रक दिले. स्वस्तही वाटले होते, आणि जवळजवळ होकार देऊन आम्ही बसलो होतो.

पीटरसन कॉटेजमध्ये संध्याकाळी सोफ्यावर आडवे होऊन वर पाहिले तेव्हा तो होकार मागे घ्यायचे ठरले. दिवाणखान्यावरचे छप्पर तळ्याच्या दिशेने वर चढत जाते आणि त्याच्याबरोबर काचाही उंच होतात. त्यामुळे मोजायला गेले तर लहान असलेली खोली बसल्यावर लहान वाटत नाही, कारण नजर भिंतीला न अडता झाडांच्या शेंड्यापर्यंत जाते. अशा घरांत छप्पर हेच घराचे मुख्य अंग असते. आतून सीलिंग खाली आणले की इंचाइंचाने हा चढाव मरतो. आमच्यासारख्या घरात इन्सुलेशन करायचेच असेल तर छपराचे जुने आवरण निघेल त्या वेळी फळ्यांच्या वरच्या बाजूने कडक फोमचे जाड तक्ते बसवून त्यावर नवे आवरण घालता येते. वळचणीची कड थोडी जाड दिसते, तेवढीच काय ती खूण राहते, आणि आतले लाकूड तसेच उघडे राहते. खर्च जास्त येतो. पण छप्पर तसेही पुढच्या चारपाच वर्षांत बदलावे लागणार होतेच, मग दोन्ही कामे एकदम करणे हाच शहाणपणा ठरतो.

खिडक्यांचेही तसेच. दुहेरी काचा इथे घातल्या आहेत, पण चौकटींच्या रेषा बारीकच ठेवल्या आहेत, आणि त्यामुळे काचेतून पाहताना चौकट नजरेत भरत नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार खिडक्यांच्या चौकटी रुंद असतात, आणि १९५० च्या दशकातल्या घरात त्या बसवल्या की घराला जाड काड्यांचा चष्मा लावल्यासारखे होते. जुन्या लाकडी चौकटीत जिथे काच न उघडणारी आहे तिथे नुसती दुहेरी काच बसवून घेता येते, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते. आम्ही आता तेच करत आहोत.

झाडीत राहण्याची जबाबदारीही इथे दिसते. पहिल्याच दुपारी जोराचा वारा सुटला आणि अर्ध्या तासात अंगणाची दगडी फरशी पाइनच्या सुयांनी भरून गेली. बसक्या उताराच्या छपरावर या सुया आणि पाने वाहून जात नाहीत, साचून राहतात, ओल धरतात, आणि त्या ओलीवर शेवाळ आणि पुढे लाकूड पोखरणाऱ्या मुंग्या येतात. नव्या काचा, नवे छप्पर यांवर हजारो डॉलर खर्च करण्याआधी ज्याला झाडीतले घर टिकवायचे आहे त्याने शिडी, झाडू आणि वर्षातून निदान दोन वेळा पन्हळी साफ करण्याचा नेम, या तीन गोष्टी आधी कराव्यात. झाडे तोडून हा प्रश्न सोडवणारेही असतात; मग त्या घरात आणि हमरस्त्यावरच्या घरात फरक काय उरला?

स्वयंपाकघर दगडी गाभ्याला लागून आहे आणि लहान आहे. एका माणसाने काम करावे आणि दुसऱ्याने बाहेर बसून गप्पा माराव्यात एवढीच जागा. जे घेऊन जाणार असाल त्याचा विचार घरूनच करून जा. आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तूप आणि शिजवून गार केलेली उसळ नेली होती. दोन दिवस आनंदात गेले. लसणाची खमंग फोडणी मात्र मी मुद्दाम टाळली, कारण घर म्हणजे जवळजवळ एकच सलग जागा आहे, सगळीकडे लाकूड आहे, आणि आपल्या फोडणीचा वास पुढच्या पाहुण्यांसाठी त्या लाकडात ठेवून येणे मला बरे वाटले नाही. आमच्याच घराच्या बेतात मी यावरून एक बदल केला: स्वयंपाकघराची भिंत पूर्ण पाडायची नाही, वरचा भाग उघडा ठेवायचा आणि बाहेर हवा फेकणारा चांगला पंखा आधी बसवायचा. अमेरिकन मासिकांतली सलग स्वयंपाकघरे आपल्या रोजच्या स्वयंपाकासाठी बेतलेली नसतात, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

सामान ठेवायला जागा थोडी आहे. दोघांसाठी हे घर उत्तम, तिघांनाही जमते. दोन कुटुंबे मिळून जाण्याचा विचार करू नये. लहान मुले असतील तर इतका काच आणि इतका दगड पाहता त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागेल. किमान दोन रात्रींचे आरक्षण करावे लागते, शनिवार-रविवार फार आधी भरतात, आणि भाडे महामार्गावरच्या साध्या हॉटेलाच्या मानाने पुष्कळ अधिक आहे. आम्ही आठवड्यातले मधले दिवस घेतले म्हणून जमले. मला ते पैसे एका घरात राहून घर शिकण्याचे वाटले, आणि त्या दृष्टीने पाहिले तर आम्हाला ते अंदाजपत्रकातल्या एका खिडकीपेक्षाही कमी पडले.

ज्यांना मुक्काम शक्य नाही त्यांच्यासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी घर पाहायला खुले असते. तेवढ्याने घर कळेल, पण त्याची ऊब कळणार नाही. जुने घर विकत घेऊन दुरुस्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माझा आग्रहाचा सल्ला आहे, की दोन रात्री तरी इथे थंडीत राहा. सोबत मोजपट्टी आणि वही घ्या. छपराची कड, काचेची चौकट, फरशीचा सांधा, दगड आणि लाकूड जिथे भेटतात ती जागा, हे सगळे हाताने पाहा आणि लिहून घ्या. आमच्या वहीची अकरा पाने भरली. परत आल्यावर ती पाने आणि जुने अंदाजपत्रक शेजारी ठेवून आम्ही एकेक ओळ खोडत गेलो: शेकोटी राहिली, देवदाराचे सीलिंग उघडे राहिले, खिडक्यांच्या चौकटी राहिल्या. जमिनीवरच्या जुन्या नऊ इंची टाइल्सबद्दल मात्र वेगळी काळजी घ्यावी लागली. १९५० च्या दशकातल्या या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू असलेला पदार्थ, असण्याची मोठी शक्यता असते, म्हणून त्या उखडण्याआधी तपासून घेतल्या. त्यात तो निघाला, आणि प्रशिक्षित माणसांकडून त्या काढून घेण्याचे काम येत्या मार्चमध्ये ठरले आहे.

त्या जागी काय घालायचे याचा निर्णय सासूबाईंनी घेतला आहे. फरशी दगडाची, खालून ऊब देणारी, आणि दिवाणखान्यातून मागच्या अंगणापर्यंत एकाच रांगेत.